वाहनतळावरील एकांत

आपल्या नगरजीवनात गेल्या पन्नास वर्षांत जी नवी स्थळे निर्माण झाली, त्यांत वाहनतळ हे एक होय. पूर्वी बाजाराच्या दिवशी गावाबाहेर बैलगाड्यांचा तळ पडत असे. पुण्याजवळ हडपसर येथे एका जागेस आजही गाडीतळ हेच नाव आहे. त्या तळावर गाडी सोडून सारीच माणसे निघून जात नसत. बैलांना वैरण घालावयास, मालाच्या राखणीस, कोणी ना कोणी गाडीपाशी असेच. आजच्या वाहनतळाची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे गाड्या शेकडो असतात आणि माणूस पुष्कळदा एकही नसतो. मोठ्या दुकानसंकुलाच्या पोटात, जमिनीखाली दोन मजले, खांबामागे खांब. रेल्वे स्टेशनाबाहेर पत्र्याच्या छपराखाली स्कूटरींच्या रांगा. रुग्णालयाच्या मागील अंगास अंधारात पडलेली मोकळी जागा. ही स्थळे आपण नित्य वापरतो. स्टेशनावर सोबत उतरलेली मंडळी फाटकाशी आपापल्या वाटेने पांगतात, आणि गाडीपर्यंतची शेवटची शंभर पावले ज्याची त्यालाच, बहुधा जिची तिलाच, चालावी लागतात. त्या शंभर पावलांविषयी आज बोलावयाचे आहे.

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर. पोलीसखात्याशी माझा काही संबंध नाही. परंतु माझ्या वर्गातून गेलेल्या मुली आज परिचारिका आहेत, बँकेत आहेत, औषधांच्या दुकानात आहेत. त्या रात्री नऊ-दहाला घरी परततात व कित्येक जणींच्या पगारावर घर चालते. ‘बाई, दिवेलागणीनंतर बाहेर राहू नकोस’ असे त्यांस सांगण्याचा काळ गेला, आणि गेला हे उत्तम झाले. तेव्हा बाहेर राहावयाचेच आहे हे धरून चालून, मग काय करावे, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दोन घटना सांगणे अवश्य आहे. त्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या असतील. पण त्यांतील जो भाग मला महत्त्वाचा वाटतो, तो त्या वेळच्या संतापात पुष्कळांच्या नजरेतून निसटला.

पहिली हैदराबादजवळील. दिनांक २७ नोव्हेंबर २०१९. गुरांची डॉक्टर असलेल्या एका तरुणीने सायंकाळी शमशाबाद येथील टोलनाक्याजवळ आपली स्कूटर उभी केली व ती भाड्याच्या मोटारीने पुढे गेली. रात्री नवाच्या सुमारास ती परत आली, तो स्कूटरचे चाक बसलेले. पोलिसांच्या तपासाप्रमाणे, तिला स्कूटर लावताना चौघांनी पाहिले होते आणि ती गेल्यावर त्यांनीच चाकातील हवा सोडली होती. मग त्यांच्यापैकी काही जण पुढे झाले, चाक पंक्चर आहे असे त्यांनीच तिला सांगितले आणि दुरुस्त करून आणतो म्हणून एक जण स्कूटर घेऊन गेला. तिने बहिणीस फोन केला. आपणास भीती वाटते असे ती म्हणाली. बहिणीने टोलनाक्यापाशी जाऊन थांब असे सांगितले. त्यानंतर फोन बंद झाला. तिच्यावर अत्याचार होऊन तिचा जीव गेला. ६ डिसेंबर रोजी चारही आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. खटला चाललाच नाही. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने त्या गोळीबाराविषयी पोलिसांवर कठोर ठपका ठेवला. म्हणून मी वर जे सांगितले ते तपासात म्हटलेले आहे, न्यायालयात सिद्ध झालेले नव्हे, हे लक्षात ठेवावे.

दुसरी घटना आपल्या पुण्यातील. २५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट, स्वारगेटचे एस. टी. स्थानक. सव्वीस वर्षांची एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत बसली होती. फिर्यादीत म्हटल्याप्रमाणे एक इसम तिच्यापाशी आला, ‘ताई’ म्हणून त्याने तिची विचारपूस केली व तुमची गाडी येथे लागत नाही, पलीकडे उभी आहे, असे सांगितले. पलीकडे एक शिवशाही गाडी अंधारात उभी होती. दिवे का नाहीत असे तिने विचारले, तेव्हा उतारू झोपले आहेत असे उत्तर मिळाले. ती आत गेली. आत कोणी नव्हते. स्थानकात माणसे होती आणि पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते.

आता या दोहोंत समान काय आहे ते पाहा. वाघ दबा धरतो आणि झेप घेतो; म्हणून अंधारातून अंगावर येणारा माणूस अशीच आपली कल्पना असते. येथे कोणी झेप घेतली नाही. दोन्ही ठिकाणी प्रथम आली ती मदत. एकाने अडचण स्वतः निर्माण केली आणि मग ती निवारण्यास तो पुढे झाला. दुसऱ्याने नसलेली अडचण आहे असे भासविले. आणि दोन्ही ठिकाणी त्या मदतीचा परिणाम एकच झाला: बाई किंवा तिचे वाहन ठरल्या जागेवरून हलले. बळ वापरले गेले ते त्यानंतर.

यावरून मी माझ्या विद्यार्थिनींस जी एक गोष्ट सांगतो ती अशी. मदत घेण्यास हरकत नाही, परंतु ती कोणाकडून घ्यावयाची हे आपण ठरवावे. आपण होऊन जो आला त्याच्याकडून घेऊ नये. आपण ज्याला निवडले त्याच्याकडून घ्यावी. तिकीटघराच्या खिडकीत बसलेला मनुष्य, गणवेशातील वाहक, दिव्याखाली चहा विकणारी बाई, मुलाबाळांसह निघालेले कुटुंब यांपैकी कोणाकडेही आपण गेलो, तर तो दुष्ट निघण्याचा संभव फार थोडा. कारण तो आपली वाट पाहत बसलेला नव्हता. उलट, वाहनतळाच्या कोपऱ्यात तुमच्या चाकातील हवा गेली हे तुमच्या आधी ज्याला कळले, त्याला ते कसे कळले हा प्रश्न मनात यावयास हवा. तो भला माणूसही असेल. असला तर त्यास नकाराचे वाईट वाटणार नाही, आणि वाटले तरी त्यात फारसे बिघडत नाही.

आपल्या सर्व शिक्षणाचा रोख सौजन्याकडे आहे आणि तो असावा. वडील मनुष्याने विचारले तर उत्तर द्यावे, ‘ताई’ म्हणणाऱ्यास ‘दादा’ म्हणावे, कोणास तोडून बोलू नये, हे मुलींना विशेष आग्रहाने शिकविले जाते. अपरिचिताने ‘ताई’ म्हणताच त्याचे नाते मानण्याची जी सवय आपल्यास आहे, ती मराठी बोलीतील एक गोड गोष्ट आहे. पण हेही खरे की तो शब्द उच्चारण्यास काही मोल पडत नाही. सौजन्य ही दिवसाढवळ्या, चार माणसांत द्यावयाची वस्तू आहे. रात्री दहा वाजता निर्मनुष्य तळघरात किती वाजले असे कोणी विचारले, तर न थांबता, अंतर राखून ‘माहीत नाही’ एवढे मोठ्याने म्हणून चालू लागणे यात असभ्यता नाही. आणि एकदा ‘नको’ म्हटल्यावर जो पुन्हा आग्रह करतो, त्याने आपला हेतू स्वतःच उघड केला असे समजून तत्काळ उजेडाकडे वळावे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. गाडी लावताना आपण जागा शोधतो ती फाटकाजवळची किंवा सावलीची. परंतु गाडी लावण्याची वेळ आणि काढण्याची वेळ या निराळ्या असतात. दुपारी चारला जो कोपरा सावलीचा, तोच रात्री दहाला काळोखाचा होतो. म्हणून लावतानाच मान वर करून दिवा कोठे आहे, पहारेकऱ्याची चौकी कोठे आहे, बाहेर पडण्याचा चढ कोणत्या अंगास आहे, हे पाहावे. शेजारी मोठी मालवाहू गाडी किंवा पडदे लावलेली बंद गाडी उभी असेल तर दुसरी जागा घ्यावी. आडोसा तिच्यामुळे होतो. मोटारीचे तोंड बाहेरच्या दिशेस करून लावावे, म्हणजे निघताना मागे-पुढे करीत बसावे लागत नाही. मजल्याचा आकडा व खांबाचा क्रमांक यांचे फोनवर छायाचित्र घ्यावे. माझी एक विद्यार्थिनी मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. ती सांगते की धोका वाटतो तो चालताना नव्हे, गाडी कोठे लावली हे न आठवून गोल फिरताना. तिचे म्हणणे मला मार्मिक वाटते. हरवल्यासारखा फिरणारा मनुष्य दुरून ओळखू येतो, आणि ज्याला ओळखावयाचे असते तो त्याच्यावरच नजर ठेवून असतो.

परत येताना किल्ली पिशवीच्या तळाशी असू नये, ती हातात असावी. एक हात रिकामा असावा. कानात गाण्याच्या गुंड्या आणि डोळे फोनच्या पडद्यावर अशा स्थितीत तळघरात उतरणे म्हणजे दोन इंद्रिये घरी ठेवून येणे होय. पुष्कळ जणी सोबत वाटावी म्हणून बोलत बोलत जातात. ते वाईट नाही. पण जमिनीखाली अनेकदा फोनचा संपर्क तुटतो हे विसरू नये. त्यापेक्षा उद्वाहनात शिरण्यापूर्वीच घरी सांगावे, ‘मी आता खाली जात आहे, दहा मिनिटांत रस्त्यावरून पुन्हा फोन करीन.’ दहा मिनिटांत फोन न आला तर काय करावयाचे हेही घरच्यांशी आधी ठरलेले असावे. नाहीतर ते नुसतेच काळजी करीत बसतात.

मोटारीत बसण्यापूर्वी मागील आसनाकडे एक नजर टाकावी. बसताच प्रथम दरवाजे आतून बंद करावेत, मग पट्टा, मग बाकीचे. दिवसभराचे निरोप वाचण्यासाठी तेथेच बसून राहू नये. ते रस्त्यावर, उजेडात, वाचता येतात. मागील काचेवर कोणी कागद चिकटविला असेल तर तो काढावयास उतरू नये. तेवढ्या कागदाने गाडी चालत नाही असे नाही. स्कूटरवाल्या भगिनींची अडचण अधिक आहे, कारण त्यांना दरवाजेच नाहीत. डिकी उघडणे, पिशवी ठेवणे, ओढणी बांधणे, शिरस्त्राण घालणे यात दोन-तीन मिनिटे जातात आणि तेवढा वेळ मान खाली असते. यांपैकी शक्य तेवढे वरच, माणसांत, उरकून यावे. शिरस्त्राण मात्र गाडीपाशी पोहोचेपर्यंत हातातच असावे. डोक्यावर ते कडेची नजर व कान दोन्ही अडविते. हातात ते एक जड वस्तू असते, आणि जड वस्तूचे मोल सांगावयास नको.

आणि चाक बसलेले आढळले तर? तर शमशाबादची गोष्ट आठवून, तेथे वाकून पाहत न बसता, आल्या पावली उजेडात परत यावे. पहारेकऱ्यास सोबत घेऊन पुन्हा जावे, अथवा स्कूटर रात्रभर तेथेच राहू द्यावी. रात्रीचे भाडे काय पडेल ते पडो. घरी गेल्यावर कोणी ‘गाडी तेथेच टाकून आलीस?’ म्हणून बोलणार असेल, तर या भाषणाचा उपयोग तिच्यापेक्षा त्या बोलणाऱ्यालाच अधिक आहे.

इतके करूनही कोणी समोर आलाच, तर त्याला काय हवे आहे ते पाहावे. पैसे, पर्स किंवा फोन हवा असेल तर ती वस्तू त्याच्यापासून दूर, एका बाजूस फेकावी आणि आपण विरुद्ध बाजूस धावावे. परंतु तो तुम्हांस दुसरीकडे नेऊ पाहत असेल, ‘गाडीत बस’, ‘त्या बाजूला चल’ म्हणत असेल, तर ते मात्र जिवाच्या कराराने टाळावे. आपण उभे आहोत त्यापेक्षा त्याने निवडलेली जागा अधिक एकांताची असणार, हे उघड आहे. तेथेच ओरडावे, तेथेच झटापट करावी, मोटारीचा भोंगा दाबून धरावा. ओरडताना नुसती किंकाळी फोडण्यापेक्षा शब्द असावेत, ‘निळ्या शर्टाचा माणूस, सोड मला!’ असे काही. म्हणजे ऐकणाऱ्यास हे घरगुती भांडण नव्हे हे कळते. डोळ्यांत मारावयाचा तिखटाचा फवारा पुष्कळ जणी बाळगतात. हातात असेल तर तो चांगला. पिशवीच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच.

११२ हा क्रमांक पोलीस, रुग्णवाहिका व अग्निशामक दल या सर्वांसाठी एकच आहे. २०१७ सालापासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनमध्ये संकटाची कळ असावी असा नियम आहे. साध्या फोनवर पाच किंवा नऊचा आकडा दाबून धरून आणि स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीन वेळा दाबून तो संदेश जावा अशी ती योजना. आपल्या हातातील फोनमध्ये ही सोय कशी चालते, हे प्रत्येकीने घरी दिवाणावर बसून एकदा पाहून ठेवावे. कायदाही स्वसंरक्षणाच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ पासून पुढे सांगितला आहे; बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या उद्देशाने हल्ला झाला, तर प्रतिकार करताना हल्लेखोराचा मृत्यू घडला तरी तो हक्क राहतो. बळ मात्र संरक्षणास आवश्यक तेवढेच वापरावे, ही त्यास मर्यादा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. स्वारगेटच्या प्रकारानंतर त्या मुलीने आरडाओरडा का केला नाही, असे प्रश्न भलत्याभलत्यांनी विचारले. असा प्रश्न विचारणाऱ्याने भय म्हणजे काय ते पाहिलेले नसते. अतिभयाने पुष्कळांचे हातपाय जागच्या जागी थिजतात व कंठातून शब्द फुटत नाही. तो शरीराचा धर्म आहे, संमती नव्हे. कायद्यानेही हे मानले आहे. संहितेच्या ६३व्या कलमात म्हटले आहे की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिने संमती दिली असे धरता येत नाही. मी वर ज्या खबरदाऱ्या सांगितल्या, त्या जिने घेतल्या नाहीत तिचा तो अपराध असा अर्थ कोणी काढील तर तो माझ्या शब्दांचा विपर्यास होईल. कुलूप लावावे हे सांगणे निराळे आणि कुलूप लावले नव्हते म्हणून चोराला सोडणे निराळे.

तक्रारीविषयी थोडे. हैदराबादच्या प्रकरणात, ही हद्द आमची नव्हे म्हणून आपणांस एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे पाठविले, अशी घरच्यांची तक्रार होती व त्यावरून तीन पोलीस निलंबित झाले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. लैंगिक अत्याचाराची खबर नोंदविण्यास नकार देणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरतो, आणि पीडितेवर विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांस बंधनकारक आहे. छायाचित्रण करणारे कॅमेरे पुष्कळ वाहनतळांवर असतात. परंतु त्यांतील चित्रे काही दिवसांनी पुसली जातात. म्हणून केवळ पाठलाग झाला असला तरी त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी व चित्रे जपून ठेवण्याची मागणी करावी. पाठलाग हाही गुन्हाच आहे. त्याचे कलम ७८.

माझे पुरुष श्रोते आतापर्यंत हे भाषण आपल्यासाठी नाही असे समजून स्वस्थ बसले असतील. त्यांच्याकडेही काम आहे. रात्री तळघरात एकटी बाई पुढे चालली असेल आणि आपली गाडीही त्याच अंगास असेल, तर पावलांचा वेग कमी करावा, दुसऱ्या रांगेतून जावे, किंवा क्षणभर थांबून तिला पुढे जाऊ द्यावे. तिची गाडी खरोखरच बंद पडलेली दिसली तर जवळ जाऊन हात घालू नये. वीस हात अंतरावरून ‘पहारेकऱ्याला पाठवू का?’ एवढेच विचारावे व तिने हो म्हटल्यास खरोखर पाठवावे. आपला हेतू शुद्ध आहे हे आपणांस ठाऊक असते, तिला नसते.

आणि जागेचे मालक? आपल्याकडे वाहनतळाचे पैसे घेताना पावतीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. वाहनाच्या मालकाविषयी त्यात अवाक्षर नसते. दुकाने व आस्थापनांविषयीच्या महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीस कामावर ठेवावयाचे तर तिची संमती, तिच्या संरक्षणाची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन, ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. किती जणींना हे ठाऊक आहे? नोकरी करणाऱ्या मुलींनी हे कलम मालकास दाखवावे, आणि एकटीने धीर होत नसेल तर चौघींनी मिळून दाखवावे.

राहता राहिली आपली स्वतःची घरे. आता गावोगाव इमारतींखाली तळघरे झाली आहेत. आमच्या वसाहतीत विजेची बचत म्हणून तेथे माणसाची चाहूल लागताच पेटणारे दिवे बसविले. कल्पना चांगली, पण त्यामुळे जिना उतरणाऱ्यास पुढचा भाग नेहमी काळोखातच दिसे, आणि तेथे कोणी निश्चल उभा असता तर त्याच्यावरचा दिवा विझलेलाच राहिला असता. गेल्या वर्षीच्या सभेत दोन मुलींनी हे दाखवून दिले. पुष्कळ चर्चा झाली, विजेच्या बिलाचा हिशेब निघाला, आणि जिन्याच्या तोंडाशी, उद्वाहनापाशी व चढावर मिळून चार दिवे रात्रभर पेटते ठेवावेत असे ठरले. त्यातला चढावरचा दिवा गेल्या पावसाळ्यात बिघडला होता. तो बदलण्यास तीन आठवडे लागले. तेवढे दिवस रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने आपली खुर्ची तेथे नेऊन ठेविली होती.